कपडा खांद्यावर बसवा, पोटावर नको

गेल्या मे महिन्यात नात्यातल्या एका वलीम्याला आम्ही सगळ्या बहिणी गेलो होतो. हॉलमध्ये बायकांच्या बाजूला पंखे फिरत होते, पण वारा कुणालाच लागत नव्हता. आत आल्या आल्या सगळ्या जणींनी नेहमीप्रमाणे बुरखे काढले, घड्या करून पिशव्यांत ठेवले, आणि जरीचे, टिकल्यांचे, चिकनचे ड्रेस दिसू लागले. आमच्या मोठ्या आपांनी मात्र अबाया काढला नाही. काळा, जाड कापडाचा, वर अस्तर लावलेला. दावत संपेपर्यंत अडीच-तीन तास त्या तशाच बसून राहिल्या. हिजाब घामानं कपाळाला चिकटला होता. "आपा, काढा ना, इथं सगळ्या बायकाच तर आहेत," असं म्हटलं, तर म्हणाल्या, "असू दे, मला सर्दी झालीय." मे महिन्यात, मिरजेच्या उन्हात.

परतताना रिक्षात खरं कारण कळलं. वर्षभरापूर्वी एका मेंदीच्या कार्यक्रमात कुणा बाईंनी त्यांच्या पोटाकडे बघून सगळ्यांदेखत विचारलं होतं, "काय, खुशखबर आहे का?" आपा तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या. मोठा मुलगा डिप्लोमाला, मुलगी बारावीला. त्या दोघांनंतर एक मूल राहिलं होतं, ते सहाव्या महिन्यात गेलं. विचारणाऱ्या बाईंना हे माहीत नव्हतं आणि त्यांच्या मनात वाईटही काही नसावं. पण तेव्हापासून आपांनी कुठल्याही कार्यक्रमात अबाया उतरवला नव्हता. आम्ही त्यांच्या सख्ख्या बहिणी, दिवसाआड फोनवर बोलणाऱ्या, आणि आम्हाला याचा पत्ता नव्हता. आम्ही समजत होतो की आपा जास्त दीनदार झाल्या.

आपांचा बांधा कसा आहे ते सांगतो, कारण आमच्या वाचक बहिणींपैकी पुष्कळ जणींचा तसाच असणार. खांदे भरलेले, छाती भरलेली, पाठ रुंद, आणि सगळं वजन पोटाभोवती गोळा झालेलं. कंबर म्हणून वेगळी दाखवता येत नाही. पण हात बारीक, मनगटं नाजूक, नितंब सपाट, पाय तर विशीतल्या मुलीसारखे. इंग्रजी मासिकं याला सफरचंदाचा आकार म्हणतात आणि ज्यांचं वजन कमरेखाली, मांड्यांत असतं त्यांना पेअर. आमची नानी नऊवारी लुगडं नेसायची. तिचा बांधाही असाच होता, पण तिला असल्या फळांची गरज पडली नाही, कारण लुगड्याला माप नसतं. अंगाप्रमाणे तेच कमीजास्त होतं. शिवलेला कपडा आला आणि हा प्रश्न आला.

हा फरक डॉक्टरांनी फार पूर्वीच ओळखला आहे. फ्रान्समधल्या मार्सेय शहरातले डॉ. झाँ व्हाग यांनी 1947 साली लिहिलं होतं की अंगावर चरबी किती आहे यापेक्षा ती कुठे साठली आहे हे जास्त महत्त्वाचं. आपल्या पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम तर आणखी जवळचं. 2004 साली त्यांचा आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटासा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आला. त्यात दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण तपासणी केली तेव्हा युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात 21.2 टक्के. दिसायला दोघंही सडपातळ. आपल्याकडच्या माणसाचे हातपाय बारीक आणि चरबी आत, पोटाकडे, हे आपल्या मातीतलंच आहे. बाळंतपणं, पाळी जाण्याचं वय, पीसीओएस, घराण्याची ठेवण या सगळ्याचा त्यात हात असतो. तेव्हा "खाऊन खाऊन पोट सुटलं" असं उठसूट बोलणाऱ्या सासवा-नणंदांनी जरा सबुरीनं घ्यावं. तब्येतीच्या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा येणार आहोत, कारण ती टाळून कपड्यांबद्दल बोलणं अर्धवट होईल.

आधी आमची चूक कबूल करतो. रिक्षातलं ऐकून आम्हाला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्याच आठवड्यात आपांना घेऊन सांगलीला रेडीमेडच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलीनं आणि आम्ही मिळून त्यांना एक अनारकली घ्यायला लावला. चकचकीत सॅटिनचा, कमरेला घट्ट पट्टा, खाली मोठा घेर. आमचं डोकं असं चाललं होतं की कंबर नाही तर ती दाखवू या. घरी आल्यावर आपांनी तो घातला आणि आम्ही सगळ्या गप्प झालो. पट्टा नेमका पोटाच्या सगळ्यात फुगीर जागेवर आला होता, त्याच्यावर एक वळी, खाली एक वळी, आणि त्यावर सॅटिनची चमक. भाची खुर्चीवर बसून बघत होती, ती म्हणाली, "अम्मी, तुम्ही गिफ्टसारख्या दिसताय." आपा हसल्या, पण तो ड्रेस परत त्यांच्या अंगावर आला नाही. पैसे आमचे गेले आणि वर त्यांचा उरलासुरला धीरही गेला.

मग आम्ही गल्लीतल्या शिवणाऱ्या खालांकडे गेलो. खालांनी आमच्या दोन पिढ्यांचे कपडे शिवले आहेत. पुढच्या खोलीत एक पायमशीन, एक मोटरचं, भिंतीला आरसा आणि कोपऱ्यात कात्रणांचं गाठोडं, एवढंच त्यांचं दुकान. त्यांनी आपांना सांगितलं, "घरातले चार ड्रेस घेऊन या, जे सगळ्यात नावडते आहेत ते." आपा चार कुर्ते घेऊन गेल्या. खालांनी एकेक घालायला लावला आणि टाचण्या तोंडात धरूनच बोलत गेल्या. त्या दुपारी आम्ही जे शिकलो ते बी.एड.ला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिली गोष्ट खांद्याची. पोट मावत नाही म्हणून आपण एक्सएलचा डबल एक्सएल घेतो, डबलचा ट्रिपल. पण रेडीमेड कपड्यात साइज वाढला की सगळंच वाढतं. गळा मोठा होतो, मुंढा खाली येतो, खांद्याची शिवण दंडावर घसरते. पोट झाकलं जातं खरं, पण बाई आपल्या मोठ्या बहिणीचे कपडे घालून आल्यासारखी दिसते. खालांनी आपांच्या चारही कुर्त्यांच्या खांद्याला चिमटा काढून दाखवला. प्रत्येकात दोन्हीकडे इंचभर कापड जास्त. "खांदा आणि छाती बरोबर बसली पाहिजे," त्या म्हणाल्या, "तिथून खाली कपड्याला सोडून द्यायचं. तो आपोआप पडतो." म्हणून रेडीमेड घेतानाही छातीच्या आणि खांद्याच्या मापाचा घ्यावा आणि बाजूला पोटापुरतं कापड वाढवून घ्यावं.

वाढवायचं कसं, तर कळी घालून. जुन्या काळचा कळीदार कुर्ता आठवा, आपल्या आजोबांच्या अंगावर असायचा तो. मधे सरळ पट्टा, काखेत चौबगला म्हणजे छोटा चौकोनी तुकडा, आणि काखेपासून खाली रुंद होत जाणाऱ्या दोन्ही बाजूंच्या कळ्या. त्यात टक्स नाहीत, कमरेला कात्री लागत नाही. बारीक माणूसही तोच कुर्ता घालायचा आणि पोट सुटलेलाही, आणि दोघांनाही तो शोभायचा. आता टेलर काय करतात, तर छाती 42 असेल तर कंबर डोळे मिटून 38 कापतात, कारण पुस्तकात तसं असतं. आपांच्या बाबतीत छाती 42 आणि पोट 43. मग कापड पोटावर अडकतं, आणि बाजूचा कट उघडून उलट्या व्ही अक्षरासारखा फाकतो. आपल्यापैकी कितीतरी जणींचे कट असे फाकलेले असतात आणि आपल्याला वाटतं दोष आपला आहे. खालांनी तीन कुर्त्यांच्या बाजूच्या शिवणी उसवल्या आणि काखेपासून खाली कळ्या घातल्या. एका कुर्त्याला त्याच कापडाची कळी मिळाली नाही, तर जुन्या ओढणीची लावली आणि बाहीच्या टोकालाही तीच पट्टी दिली, म्हणजे ठिगळ वाटू नये. कट खाली आणला, पोटाचा फुगवटा संपतो तिथून पुढे. त्या फजितीच्या अनारकलीच्या अर्ध्या पैशांत तीन जुने कुर्ते नवे झाले. चौथा त्यांनी बाजूला ठेवला, "याची पिशवी करा."

दुसरी गोष्ट आम्हाला कधीच सुचली नसती. आपांच्या प्रत्येक कुर्त्याचा पुढचा पल्ला मागच्यापेक्षा वर दिसायचा. आम्हाला वाटायचं कापड धुऊन आटलं. खालांनी सांगितलं की पोटावरून जाताना कापड वाटेत खर्च होतं, म्हणून पुढचा भाग उचलला जातो. आपल्याकडे पुढचा आणि मागचा पल्ला एकावर एक ठेवून एकाच मापानं कापतात. पोट पुढे असेल तर पुढचा पल्ला इंच-दीड इंच लांब कापायचा आणि कपडा अंगावर घातल्यावर खालची पट्टी दुमडायची. एवढ्या एका गोष्टीनं कपडा अंगासाठीच शिवल्यासारखा दिसतो. टेलरला हे सांगायला लाजू नका. सांगितलं नाही तर तो करणार नाही.

माप देताना उभं राहून एकदा आणि खुर्चीवर बसून एकदा, असं दोनदा पोटाचं माप घ्यायला सांगा. बसल्यावर ते दोन-तीन इंच वाढतं. आम्ही शिक्षिका तासन् तास वह्या तपासत बसतो, आम्हाला हे चांगलं ठाऊक आहे. नमाज पढणाऱ्या बाईचा तर रुकू आणि सजद्यात कपडा ओढला जातो. पोटाला तंग कुर्ता असेल तर मागचा पल्ला वर चढतो आणि सगळं लक्ष तिकडेच राहतं. आणि माप देताना पोट आत ओढून धरू नका. आम्ही सगळ्याच ओढतो. खाला मुद्दाम काहीतरी विचारतात, बाई बोलायला लागली की श्वास सुटतो, मग टेप आवळतात.

सलवारीकडे कुणी बघत नाही, पण पोटावरची निम्मी गाठ तिचीच असते. नाडी पुढे बांधली, वर चुण्यांचा नेफा, त्यावर कुर्ता. झालं, पोट दीड इंचानं वाढलं. पुढे सपाट पट्टा आणि मागे फक्त इलास्टिक, असं शिवून घ्या. इलास्टिक रुंद घ्यावं, बारीक इलास्टिक पोटावर गुंडाळी होऊन रुततं. पटियाला तर या बांध्यानं विसरावीच. ज्यांचे पाय बारीक आहेत त्यांनी ते दिसू द्यावेत, म्हणजे उघडे टाकावेत असं नव्हे. गुडघ्याखाली जाणारा लांब कुर्ता आणि त्याखाली अरुंद मोहरीची पँट किंवा चुडीदार, यात पर्दाही राहतो आणि अंगाला खाली निमुळतेपणा येतो. खाली घोळदार आणि वरही घोळदार घातलं की बाई तंबूसारखी दिसते. उंची कमी असेल तर कुर्ता पोटरीच्या मध्यापर्यंत पुरे. घोट्यापर्यंतच्या घेरात पाच फुटांची बाई हरवून जाते.

बाहीची एक गंमत आहे. कोपर आणि कंबर साधारण एकाच उंचीवर असतात. बाही नेमकी कोपरापाशी संपली की तिथे एक आडवी रेघ तयार होते आणि नजर पोटावर जाते. बाही कोपराच्या खाली चार बोटं न्या किंवा मनगटापर्यंत घ्या, आणि हाताला अंगासरशी ठेवा. बारीक हात दिसले की सगळं अंग हलकं वाटतं.

कापडाबद्दल आम्ही शिकलो ते असं की जाड-पातळपेक्षा ते पडतं कसं हे बघायचं. दुकानात ठाण उलगडून एक टोक हातात धरून लोंबकळत सोडावं. सरळ खाली पडलं तर घ्यावं, फुगून उभं राहिलं तर ठेवून द्यावं. रेयॉन, मोडाल, क्रेप, जॉर्जेट, मऊ सुती कापड पडतं. ऑर्गन्झा, कडक कॉटन, टिश्यू उभं राहतं आणि जिथे पोट असतं तिथे आणखी फुगतं. होजिअरी आणि लायक्रा यांची तऱ्हा उलटी, ती चिकटतात आणि आतलं सगळं सांगतात. आम्हाला इचलकरंजीच्या सुताचा अभिमान आहे, पण नवं कडक पॉपलिन आपांना घालू देऊ नका असं खालांनी बजावलं. दोन धुण्यांनंतर तेच कापड गुणी होतं. सॅटिन आणि चकाकणारं कापड पोटावर नको, उजेड उंचवट्यावर पडतो. आमच्या एका नातलगानं गुजरातहून आपांना मशरूचं कापड आणलं होतं. मशरू म्हणजे बाहेर रेशीम आणि अंगाला लागणाऱ्या बाजूला सूत. त्याच्या नावाचा अर्थच परवानगी असलेलं, कारण पुरुषांना शुद्ध रेशीम वर्ज्य होतं. आपांना त्याचा कुर्ता हवा होता. खालांनी त्या चकाकीची पँट शिवली आणि वरचा कुर्ता साध्या गर्द हिरव्या क्रेपचा. मशरू पूर्वी खालच्या कपड्यांसाठीच जास्त वापरत, हे आम्हाला मागाहून कळलं. खालांना ते ठाऊक नव्हतं, त्यांना फक्त डोळा आहे.

काळाच रंग घाला, असं सगळे सांगतात. आम्हाला ते पटत नाही. वरपासून खालपर्यंत एका रंगाची उभी ओळ असली की पुरे, मग तो जांभळा असो की मोरपिशी. नक्षी छापील असेल तर मध्यम आणि पसरलेली बरी. मोठ्या फुलांचं कापड असेल तर कापायच्या आधी ते अंगाला लावून बघा, एखादं सूर्यफूल नेमकं पोटावर यायचं. भरतकाम वर योकवर किंवा उभ्या पट्टीत असू द्या. पण हिजाब छातीवरून घेणाऱ्या बहिणींनी गळ्यावर पैसे घालू नयेत, ते सगळं कापडाखाली जातं. त्याऐवजी बाहीच्या टोकावर आणि कुर्त्याच्या खालच्या काठावर बारीक काम करून घ्यावं.

ओढणी दोन्ही खांद्यांवर पिना लावून छातीवर पसरली की रुंदी वाढते. तीच एका खांद्यावरून उभी सोडली किंवा दोन्ही टोकं पुढे सरळ खाली सोडली तर दोन उभ्या रेघा मिळतात आणि झाकायचं ते झाकलंही जातं. अबायालाही हाच नियम. पुढून उघडा आणि आत दुसऱ्या रंगाचा सरळ झगा असलेला अबाया या बांध्याला फार शोभतो, कारण मधे एक उभी पट्टी दिसत राहते. अंब्रेला कट चालतो, पण घेर छातीखालून सुरू व्हावा, कमरेवरून नको. पट्ट्याचा अबाया घ्यायचाच असेल तर पट्टा मागून बांधायचा असावा. कापड नीदा किंवा क्रेप घ्यावं आणि हलकं घ्यावं. मे महिन्यात जाड अस्तराचा अबाया म्हणजे स्वतःला शिक्षा.

साडीचं थोडक्यात सांगतो. नाडीच्या परकराऐवजी कमरेला सपाट पट्टी असलेला परकर शिवून घ्या, निऱ्या कमी आणि रुंद घ्या, ब्लाउज लांब घ्या. पदर पिनेनं घट्ट चुण्या करून खांद्यावर चढवण्यापेक्षा पोटावरून मोकळा येऊ द्या. कडक सिल्कपेक्षा क्रेप, जॉर्जेट बरं.

आणि आता जी गोष्ट लिहिताना मासिकात बरं दिसेल का असं वाटतं, ती लिहूनच टाकतो. अर्धा बदल आतल्या कपड्यात असतो. आमच्या ओळखीतल्या निम्म्याहून जास्त बायका लग्नाआधीच्या मापाची ब्रा घालतात किंवा बाजारात गाड्यावरून अंदाजानं उचलतात. छाती सैल पडून पोटाला टेकली की मधलं सगळं अंग एकच गोळा दिसतं. ती आपल्या जागी राहिली की छाती आणि पोट यांच्यामधे चार बोटं जागा तयार होते, आणि तिथूनच कपडा खाली पडतो. बायकाच माप घेतात अशी दुकानं आता तालुक्याच्या गावीही आहेत. जा, माप द्या. पोट दाबून बारीक करणारे घट्ट पट्टे मात्र आम्ही सुचवत नाही. आपांनी एकदा घातला होता, दावतीत अर्धी चपाती खाऊन उठल्या.

खालांची वही अजून सांगायची राहिली. त्यांच्याकडे जाड लाल पुठ्ठ्याची वही आहे. त्यात प्रत्येक बाईचं पान, आणि दर ईदेला घेतलेलं माप तारखेसह. त्या दिवशी त्यांनी आपांचं पान उघडलं. पोटाचा आकडा 34, मग 35, मग बरीच वर्षं 36. त्यानंतरच्या तीन ईदांत 38, 40, 43. छाती फारशी बदलली नव्हती, हात तेच. खालांनी चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "बेटा, साखर कधी बघितली होतीस?" आपांनी कधीच बघितली नव्हती. आमच्या अम्मींना मधुमेह होता, शेवटी पायाची जखम भरली नाही, तरी आमच्यापैकी कुणीही तपासलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. साखर हद्दीच्या वर होती. फार नाही, पण होती. डॉक्टरांनी सांगितलं की आपल्याकडच्या बायकांसाठी कमरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत असावा आणि पुरुषांसाठी 90 च्या. 80 सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेएकतीस इंच. हे माप टेलरच्या मापासारखं कपड्यावरून घेत नाहीत. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, अंगाला लावून, श्वास सोडल्यावर घेतात. आम्ही सगळ्या बहिणींनी त्याच संध्याकाळी एकमेकींचं घेतलं. एकीचंही आत नव्हतं. आमचे दाजी, ज्यांना सगळे सडपातळ म्हणतात, त्यांचं 96 निघालं आणि ते टेपवर संशय घेऊ लागले.

आपा आता फजरनंतर नदीकडे चालायला जातात. दोन शेजारणी सोबत असतात. पोट अजून फारसं कमी झालेलं नाही. आकडा 42 वर आला आहे, त्यात खाला खूश आहेत. डॉक्टर तेवढे खूश नाहीत.

शाळेतली एक गोष्ट इथे आठवते. नववीतल्या एका मुलीनं गॅदरिंगच्या नाचातून नाव काढून घेतलं. कारण विचारलं तर बोलेना. मग मैत्रिणीकडून कळलं की सगळ्यांना एकाच मापाचे घट्ट जॅकेट आणि कमरेला पट्टा असा पोशाख ठरला होता. पंधरा वर्षांच्या मुलीला आपलं पोट दिसतं आणि ती स्टेज सोडते. आम्ही पोशाख ठरवणाऱ्या शिक्षकांना सांगितलं की पट्टा काढा आणि जॅकेट उघडं ठेवा. ते म्हणाले, "सगळ्यांसाठी बदलायचं?" होय, सगळ्यांसाठी. बदललं. पण तोपर्यंत तिची जागा दुसरीला दिली गेली होती, आणि ती मुलगी पडद्यामागे कपडे सांभाळत बसली. आम्ही आठवडाभर आधी विचारायला हवं होतं.

डिसेंबरात भाच्याचा निकाह होता. आपांनी गर्द हिरवा क्रेपचा कुर्ता आणि मशरूची पँट घातली. बायकांच्या बाजूला आल्यावर क्षणभर त्यांचा हात अबायाच्या बटणावर थांबला, मग त्यांनी तो काढला आणि घडी करून आमच्याकडे दिला. अर्ध्या तासानं जेवणाच्या रांगेत एका ओळखीच्या बाईंनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. कपड्यानं लोकांची तोंडं बंद होत नाहीत. आपा म्हणाल्या, "नाही हो, हे माझं पोटच आहे," आणि पुढे सरकून त्यांनी बिर्याणी घेतली. ताटात रायता जास्त आणि भात कमी घेतला होता, ते आम्ही पाहिलं.

यंदा खाला दहाव्या रोज्यानंतर कपडे घेणार नाहीत. गेल्या वर्षी पंधराव्यापर्यंत घेतले आणि चाँदरातीला पहाटेपर्यंत मशीन चालवावं लागलं. आपांचं कापड शाबानमध्येच पोचलं आहे, फिकट अबोली रंगाचं मोडाल. काळं नाही.